शनिवारची शाळा

मराठी विभागासाठी काहीतरी लिहून पाठव असा सरांचा निरोप आला, त्यात शेवटी एक ओळ होती: 'ओटीएमधले रोमांचक अनुभव असतील तर उत्तम.' सर, तसे अनुभव आहेत. पाठीवर सामान आणि हातात रायफल घेऊन काढलेल्या रात्री आहेत, उस्तादांनी ऐकवलेली वाक्यं आहेत (त्यांतली छापण्याजोगी थोडीच). पण ते सांगणारे आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत. मी दुसऱ्याच एका शाळेविषयी लिहिणार आहे. ती शनिवारी आणि रविवारी भरायची, तिथे फॉल-इन नव्हता, पीटी नव्हती आणि वर्गातला सगळ्यांत लहान विद्यार्थी 31 वर्षांचा होता.

मी 2009 साली चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून शॉर्ट सर्व्हिस कमिशन घेतलं. दहा वर्षांनी गणवेश उतरवला आणि चेन्नईजवळच्या ओरगडम भागात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला लागलो. 2022 मध्ये, वयाच्या 37व्या वर्षी, नोकरी सांभाळून करायच्या एका पदव्युत्तर पदवीसाठी नाव घातलं. दोन वर्षं, चार सत्रं, शनिवारी पूर्ण दिवस आणि रविवारी दुपारपर्यंत वर्ग, शेवटी आपल्याच कामाच्या जागेवर प्रबंध. विषय होता संस्थांमधलं परिवर्तन.

आईला कराडला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "परिवर्तन म्हणजे नक्की काय शिकणार तू?"

"अगं, कंपनीत, इस्पितळात, बँकेत जुनी पद्धत जाऊन नवी आणायची असते. ती कशी आणायची ते."

"त्यात शिकायचं काय एवढं? सांगायचं आणि करून घ्यायचं. तू तर फौजेत होतास."

मी हसलो आणि विषय बदलला. कारण सांगायचं आणि करून घ्यायचं, हे मी वर्षभरापूर्वीच करून बसलो होतो.

आमच्या कारखान्यात एक प्रेस शॉप आहे. मोठमोठी पॉवर प्रेस मशीनं पत्रा कापतात, वाकवतात, त्याला आकार देतात. तीन पाळ्या चालतात. पहिली सकाळी 6 ते दुपारी 2, दुसरी 2 ते रात्री 10, तिसरी रात्रभर. मी रुजू झालो तेव्हा एक जुनी पद्धत होती. पुढच्या पाळीची माणसं दहा मिनिटं आधी आत यायची. म्हणजे 1 वाजून 50 मिनिटांनी प्रत्येक मशीनपाशी दोन माणसं उभी असायची, एक जाणारा आणि एक येणारा. काचेच्या केबिनमधून पाहिलं की दिसायचं ते एवढंच: गप्पा चालल्यात, कोणी पाणी पितंय, कोणी हात पुसतंय, एखादा हसतोय. आणि या दहा मिनिटांचा पगार कंपनी दोघांनाही देत होती.

मी हिशेब मांडला. एका पाळीत 40 माणसं, प्रत्येकी 10 मिनिटं, दिवसातून तीनदा. 1200 मिनिटं, म्हणजे रोजचे 20 तास. स्लाइड तयार केली. वरिष्ठ खूश झाले. 2021 च्या सुरुवातीला माझ्या सहीने हुकूम निघाला: येणाऱ्याने 2 वाजता यायचं, जाणाऱ्याने 2 वाजता जायचं, आणि मशीनविषयी काही सांगायचं असेल तर ते टॅबवर नोंदवायचं. टॅब मीच आणवले होते. लोक कुरकुरले. मी म्हटलं, सवय होईल. झालीही.

चौथ्या महिन्यात एका दुपारी तीन नंबरचं मशीन सकाळपासून त्रास देत होतं. बटण एकदा दाबलं तरी कधी कधी ते आपणहून दुसऱ्यांदा खाली यायचं. खरं तर ते तिथेच बंद करायला हवं होतं. पण त्या दिवशी माल अडला होता आणि मेंटेनन्सची माणसं अडीचला येणार होती. पहिल्या पाळीचा ऑपरेटर जुना, अनुभवी. त्याने हात आत न घालता लोखंडी आकड्याने तुकडे ओढत पाळी काढली. जाताना टॅबवर नोंद केली, इंग्रजीत, कारण टॅबवरचा फॉर्म इंग्रजीत होता: 'मशीन 3, तपासा.' दोन वाजता करारावरचा 19 वर्षांचा एक मुलगा त्या मशीनवर आला. 2 वाजून 6 मिनिटांनी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशी झाली. निष्कर्ष असा की ऑपरेटरने नोंद वाचली नाही. नोंद होतीच, वेळेसकट. त्या अहवालावर सह्या करणाऱ्या तिघांमध्ये मी होतो.

छात्र मित्रांनो, तुम्ही आता मनात म्हणत असाल ते मला तेव्हा सुचायला हवं होतं. आपण आठवीपासून ड्यूटी कॅडेटचा चार्ज देतो-घेतो. हजर किती, आजारी किती, कोणाची गेटपास बाकी, हे तोंडी सांगितल्याशिवाय जुना ड्यूटी कॅडेट हलत नाही. पुढे सैन्यात माझ्या चौकीवर एखादा संत्री नव्या संत्र्याला काही न सांगता, नुसती वहीत ओळ लिहून झोपायला गेला असता, तर मी त्याला दुसऱ्या दिवशी उभं केलं असतं. रात्री कुठल्या झाडाची सावली माणसासारखी दिसते, कुठल्या बाजूने कुत्री भुंकली, हे शेजारी उभं राहून, बोट दाखवून सांगायचं असतं. हे सगळं मला येत होतं. तरी कारखान्यात तीच गोष्ट समोर आली तेव्हा मी तिला 'वाया जाणारा वेळ' असं नाव दिलं, कारण इथे तिच्यासमोर पगाराचा आकडा लिहिलेला होता.

पदवीसाठी नाव घातलं ते या घटनेमुळे, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ते खरं नाही. नाव घातलं ते बढतीसाठी. सैन्यातून बाहेर पडणाऱ्यांना पुनर्वसन महासंचालनालयाकडून मोठ्या व्यवस्थापन संस्थांमध्ये सहा महिन्यांचे अभ्यासक्रम करता येतात. मी तेव्हा नोकरी लगेच मिळाल्यामुळे ते केलं नव्हतं, आणि आता बरोबरीचे लोक पुढे जात होते. चेन्नईत नोकरदारांसाठी सोय चांगली आहे. आयआयटी मद्रासचा एक्झिक्युटिव्ह एमबीएसुद्धा आहे. मी परिवर्तनाचा विषय निवडला, कारण मला वाटलं, यात तर आपण मुरलेलेच आहोत.

वर्ग एग्मोरला भरायचे. क्रोमपेटहून सकाळची लोकल पकडायची. या लोकलच्या वाटेवर सेंट थॉमस माउंट स्टेशन लागतं. तमिळमध्ये त्या टेकडीला परंगीमलै म्हणतात, म्हणजे फिरंग्यांचा डोंगर. तिच्या पायथ्याच्या भागातच आमची अकादमी. पहिले काही शनिवार मी मुद्दाम त्या बाजूच्या खिडकीत बसायचो. आतल्या परेड मैदानाला मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं नाव आहे. ते तिथलेच विद्यार्थी, 8 महारचे अधिकारी. 25 नोव्हेंबर 1987 ला श्रीलंकेत धारातीर्थी पडले, मरणोत्तर परमवीरचक्र. त्या मैदानावर मी अंतिम पग टाकला होता. आणि आता मांडीवर डबा आणि झेरॉक्सचे कागद घेऊन मी त्याच्या शेजारून पुढे चाललो होतो. घरी सहावीतली मुलगी आणि मी जेवणाच्या एकाच टेबलावर अभ्यासाला बसायचो. ती माझी उजळणी घ्यायची आणि चुकलं की अजिबात दयामाया दाखवायची नाही. बायकोने पहिल्या सत्रात दोन महिने सहन केलं, मग म्हणाली, "सोमवार ते शुक्रवार कारखाना, शनिवार-रविवार कॉलेज. आम्हाला कुठला वार देतोयस ते सांग, म्हणजे मी भिंतीवर लिहून ठेवते." तेव्हापासून बुधवारची संध्याकाळ घरची ठरली. पालकांपैकी कोणी असं शिक्षण घ्यायच्या विचारात असेल तर फीच्या आधी हा वार ठरवा.

पहिला स्वाध्याय होता: तुम्ही स्वतः घडवून आणलेल्या एका बदलाचं वर्णन करा. मी दहा मिनिटांचाच बदल लिहिला. वीस तासांची बचत, टॅब, सुरुवातीचा विरोध, मग स्वीकार. अपघाताविषयी एक ओळ होती, 'एक दुर्दैवी घटना वगळता'. कागद परत आला तेव्हा मॅडमनी गुण दिलेच नव्हते. समासात पेन्सिलीने एक प्रश्न होता: त्या दहा मिनिटांत लोक काय करत होते?

मला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी त्या केबिनमध्ये बसत होतो आणि मला माहीत नव्हतं.

सोमवारी पहिली पाळी सुटल्यावर मी त्या जुन्या ऑपरेटरला गाठलं. सगळे त्याला 'पेरियवर' म्हणतात, म्हणजे वडीलधारे. अपघातानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये मॅडमचा प्रश्न त्याला विचारला. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटतं, मी नवी काही कपात शोधतोय अशी त्याला शंका आली असावी. मग त्याने मला चार नंबरच्या मशीनपाशी नेलं आणि हाताचा पंजा त्याच्या अंगावर ठेवायला लावला. "गरम?" मी म्हटलं, थोडं. "रोज एवढंच गरम असतं. याहून जास्त लागलं तर तेल बघायचं." मग डायजवळ कान न्यायला सांगितलं. स्ट्रोकचा आवाज कसा असला की ठीक आणि कसा बदलला की बोल्ट सैल, ते त्याने तोंडाने आवाज काढून दाखवलं. हे सगळं तो येणाऱ्या माणसाला सांगायचा, आणि शेवटी एक शब्द म्हणायचा: 'पात्तुक्को.' सांभाळ, लक्ष ठेव. मी केबिनमधून जे हसणं-बोलणं पाहत होतो, ते हे होतं. शिवाय खरोखरच्या गप्पाही होत्याच, त्याने तेही लपवलं नाही. "पण सर," तो म्हणाला, "त्या मुलाला मी नुसतं पात्तुक्को म्हटलं असतं तरी त्याने मला विचारलं असतं, का?"

पुढच्या शनिवारी मॅडमनी कर्ट लेविन शिकवायला घेतला. या विषयाचं कुठलंही पुस्तक उघडा, त्याचं नाव पहिल्या प्रकरणात असतं. जुनं आधी वितळवा, मग हलवा, मग पुन्हा गोठवा, हे त्याचं सूत्र सगळे पाठ करतात. मला त्यापेक्षा दुसरीच गोष्ट भिडली. लेविन हा पहिल्या महायुद्धात जर्मन तोफखान्यात सैनिक होता, आणि 1917 साली त्याने युद्धभूमीच्या दृश्यावर एक निबंध लिहिला होता. शांततेच्या काळात माणूस चालत जातो तेव्हा रान चहूकडे सारखं पसरलेलं असतं. आघाडी जवळ येऊ लागली की त्याच रानाला पुढचा आणि मागचा असा भाग येतो, त्याला हद्द येते. शेत हे शेत राहत नाही, लपायची जागा होते. घर म्हणजे आडोसा होतो. आणि लढाई पुढे सरकली की शेत पुन्हा शेत होतं. ज्याने रात्री चौकीवर काढल्या आहेत त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पण मी त्या वर्गात बसून केबिनच्या काचेचा विचार करत होतो. काचेच्या आतून ते दहा मिनिटांचं दृश्य एक होतं आणि मशीनपाशी दुसरंच होतं. हा माणूस पुढे ज्यू म्हणून जर्मनी सोडून अमेरिकेत गेला. दुसऱ्या महायुद्धात तिथे मांसाची टंचाई होती आणि बायकांनी घरी हृदय, गुर्दे असे एरवी टाकून दिले जाणारे भाग शिजवावेत असं सरकारला वाटत होतं. लेविनने काही गटांना उत्तम व्याख्यान दिलं आणि काही गटांना आपसांत चर्चा करून हात वर करून ठरवायला सांगितलं. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी 3 टक्के बायकांनी ते पदार्थ केले होते, आणि चर्चा केलेल्यांपैकी 32 टक्के. माझ्या स्लाइडी आठवून मला घाम फुटला.

आपल्याकडचं उदाहरण अहमदाबादचं आहे. कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आणले, तरी उत्पादन हवं तसं वाढेना. 1953 मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचा ए. के. राइस तिथे आला. कामगार बारीकसारीक कामांत वाटलेले होते, प्रत्येक जण अनेक मागांवर धावत होता आणि कुठलाच माग कोणाचा नव्हता. काही मागांची जबाबदारी एका लहान गटाकडे पूर्ण सोपवावी, अशी कल्पना पुढे आली. ती ऐकल्यावर कामगारांनी आणि पर्यवेक्षकांनीच ती उचलली आणि आपले गट आपणच पाडले. बाहेरच्या तज्ज्ञाने गटांच्या याद्या करायची वेळच आली नाही.

आणि हे टॅव्हिस्टॉकवाले कोण? यापुढची माहिती अकरावी-बारावीच्या छात्रांनी नीट वाचावी, कारण तुम्ही लवकरच तिच्या हाती सापडणार आहात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला अधिकारी निवडायची जुनी पद्धत पुरेना. घराणं आणि शाळा बघून, दहा मिनिटं गप्पा मारून माणूस कळत नव्हता. 1942 मध्ये मानसशास्त्रज्ञांना घेऊन नवी निवड मंडळं केली. त्यात विल्फ्रेड बिऑन होता, पहिल्या महायुद्धातला रणगाडा अधिकारी, नंतर मनोविकारतज्ज्ञ झालेला. त्याने सुचवलं की आठ-दहा उमेदवारांना एक काम द्या, नेता नेमू नका, आणि बघा. ती पद्धत युद्धकाळातच भारतात आली. एसएसबीच्या मैदानावर फळ्या, दोर आणि ड्रम देऊन तुमच्या गटाला नाला ओलांडायला सांगतात ना, ती हीच. त्याच मंडळींपैकी काहींनी युद्धानंतर टॅव्हिस्टॉक संस्था काढली आणि तीच दृष्टी घेऊन ते खाणींत आणि गिरण्यांत शिरले. म्हणजे मी ज्या परीक्षेतून निवडला गेलो तिच्यात सांगितलेलं होतंच, की नेता न नेमलेला गटही काहीतरी करत असतो, ते बघायला शिका. मी त्यातला 'निवडला गेलो' एवढाच भाग लक्षात ठेवला.

वर्गात माझ्या शेजारी एका रुग्णालयाच्या परिचारिका प्रमुख बसायच्या. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. तीनशेहून अधिक वर्षं तमिळ मुलखात राहिलेली त्यांची मराठी माझ्या कानाला कधी कोड्यासारखी वाटायची, कधी आजीसारखी. मी त्यांना ताई म्हणू लागलो. त्यांना अपघाताचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्यात चार्ज देताना खाटेपाशी उभं राहून देतात. रोगी पण ऐकतो. काही चुकलं तर तोच सांगतो." मी वहीत लिहून घेतलं.

एका रविवारी प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या संस्थेतला एक मोठा बदल मांडायचा होता. मी अर्थातच ओटीए घेतली. 1962 च्या युद्धानंतर अधिकारी झटपट हवे होते म्हणून 1963 मध्ये मद्रासला आणि पुण्यालाही ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल निघालं. पुण्याचं लवकरच बंद झालं, मद्रासचं टिकलं आणि 1988 पासून अकादमी झालं. 1992 मध्ये पहिल्यांदा 25 मुली प्रशिक्षणाला आल्या. मी ऐटीत सांगितलं, हुकूम आला आणि अंमल झाला. मॅडमनी विचारलं, "बदल कधी पूर्ण झाला?" मी म्हटलं, 1992. वर्गातली एक बँकेतली बाई म्हणाली, त्या मुलींना सुरुवातीला सेवा किती वर्षांची होती? पाच. कायम कमिशनसाठी त्यांचा पुरुषांसारखाच विचार व्हावा, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कधीचा? फेब्रुवारी 2020. मग? मी खाली बसलो. नंतर 2022 मध्ये एनडीएत मुली आल्या, मे 2025 मध्ये त्यांच्यातल्या 17 जणी पासआउट झाल्या. आपल्याही शाळेत आता मुली आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर तिने शाळेत या बदलाचं काय काय व्हायचं राहिलंय ते मराठी विभागासाठी लिहावं. त्या लेखासाठी मी माझी जागा आनंदाने सोडीन.

एग्मोरलाच कासा मेजर रोडवर मद्रास स्कूल ऑफ सोशल वर्क आहे. दुपारच्या सुट्टीत त्या बाजूने फिरताना संस्थापिकेचं नाव कळलं आणि मी थबकलो: मेरी क्लबवाला जाधव. मद्रासमध्ये जाधव? बाई पारशी, जन्म उटीचा, 1909 चा. लहान वयात विधवा झाल्या आणि गिल्ड ऑफ सर्व्हिसच्या कामात पडल्या. दुसऱ्या महायुद्धात मद्रासमधून जाणाऱ्या सैनिकांसाठी स्वयंसेविकांची फौज उभी केली. त्याची जाण ठेवून चौदाव्या आर्मीने त्यांना एक जपानी तलवार भेट दिली. पुढे त्यांनी मेजर चंद्रकांत जाधव यांच्याशी लग्न केलं. 1952 साली त्यांनी ही शाळा काढली, दक्षिणेतली या प्रकारची पहिली. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. युद्धात इतकं काम उभं करून दाखवलेल्या बाईला, तलवार मिळाल्यावरही, असं वाटलं की लोकांसोबत काम करणं शिकावं लागतं आणि त्यासाठी वर्ग हवा.

प्रबंधासाठी मी तीच दहा मिनिटं घेतली. तीन महिने प्रेस शॉपमध्ये पाळी बदलताना उभा राहिलो, केबिनच्या बाहेर. आधी लोक मला बघून गप्प व्हायचे. पेरियवरने एकदा सगळ्यांना काहीतरी सांगितलं, त्यानंतर बोलू लागले. काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

पण त्याआधी एक काम राहिलं होतं. डिसेंबरमध्ये मी त्या मुलाच्या गावी गेलो, कांचीपुरमच्या पुढे. ईएसआयचे पैसे मिळाले होते, हात भरून आला होता आणि तो आता कारखान्यातच गेज तपासणीवर होता, करारावरच. त्याच्या आईने डवऱ्यात कॉफी दिली. मी तमिळ वाक्य पाठ करून गेलो होतो. ते ऐन वेळी अर्धंच आठवलं. 'अदु एन ऑर्डर.' तो माझा हुकूम होता. मुलगा खाली बघत राहिला. वडील काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, तो मुलाने मला इंग्रजीत करून सांगितला: याला पर्मनंट कधी करणार?

मी माफीची तयारी करून गेलो होतो, याची नव्हती.

परतल्यावर चौकशी अहवालाला जोडण्यासाठी एक पानाचं निवेदन दिलं. पाळीबदलाची दहा मिनिटं बंद करण्याचा निर्णय माझा होता, तोंडी चार्ज थांबल्याने धोक्याची माहिती पोहोचली नाही, नोंदीचा फॉर्म कामगारांच्या भाषेत नव्हता, आणि मशीन बंद करायला हवं होतं. मला सांगण्यात आलं की याची गरज नाही, प्रकरण मिटलंय. मी म्हटलं, तरी जोडा. अहवाल बदलला नाही. माझं पान त्याच्यामागे लागलं. ज्या बढतीसाठी मी शिकायला गेलो होतो ती त्या वर्षी झाली नाही. या पानामुळे की आणखी कशामुळे, ते मी विचारत बसलो नाही.

2024 मध्ये पदवी मिळाली. त्याच वर्षी प्रबंधाच्या आधारावर दहा मिनिटं परत मागितली. वरून पाच मिळत होती. मी पेरियवरला आणि आणखी दोघांना बैठकीला घेऊन गेलो आणि स्लाइड दाखवली नाही. पेरियवरने साहेबांना विचारलं की त्यांनी प्रेसला कधी हात लावून पाहिलाय का. दहा मिनिटं परत मिळाली, पण फक्त प्रेस शॉपला. पेंट शॉप आणि असेंब्लीत अजून टॅबच आहे. फॉर्म तेवढा तमिळमध्ये झाला.

मुलाच्या कायम नोकरीसाठी मी दोनदा टिपण पाठवलं. दोन्ही वेळा 'या वर्षी जागा नाही' असा शेरा येऊन ते परत आलं. तिसरं या महिन्यात जाईल. दिवाळीत, बाहेर धो धो पाऊस पडत असताना, त्याच्या वडिलांचा फोन आला. खुशाली विचारली, मुलगी कितवीत आहे ते विचारलं, आमच्याकडे पाणी साचलंय का ते विचारलं, आणि मग तेच विचारलं.